मोडलेला संकल्प आणि चर्चचं वर्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईतल्या आमच्या कॅथलिक धर्मग्रामात मी बावीस वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. मुलं हात वर करून विचारतात. मोठी माणसं मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर, स्कूटरला किल्ली लावता लावता विचारतात, आणि बहुतेक वेळा सुरुवात "माझ्या एका मित्राला विचारायचं होतं" अशी असते. खालचे प्रश्न त्या मित्रांचे आहेत. उत्तरं एका प्रापंचिक माणसाची. चर्चची शिकवण जिथे आहे तिथे तसं म्हटलंय. बाकीचं माझं मत, ते कुणी घ्यावं, कुणी सोडावं.

चर्चचं वर्ष जानेवारीत का सुरू होत नाही?

उपासना वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण. त्याच्या सर्वांत जवळ येणारा रविवार धरायचा. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. गंमत अशी, की नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी शुभवर्तमान (येशूचं चरित्र) वाचतात ते जगाच्या शेवटाबद्दलचं: जागे राहा, घरधनी कधी येईल सांगता येत नाही. फटाके नाहीत, शुभेच्छा नाहीत.

रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेरीने येतात. अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहानाला स्वतःचं वर्ष नाही, पण प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे उपवासाचे ४० दिवस) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनचे आठवडे) तोच पुष्कळदा येतो. २९ नोव्हेंबर २०२६ पासून ब वर्ष लागेल, म्हणजे मार्कचं. या मार्कची गोष्ट वर्गात सांगायला मला फार आवडते. परंपरा ज्याला शुभवर्तमानकार मानते तो योहान मार्क पौलाबरोबर धर्मप्रसाराच्या पहिल्या प्रवासाला निघाला होता. पंफुलियात पोहोचल्यावर त्याने साथ सोडली आणि तो यरुशलेमला परत गेला. का, ते लिहिलेलं नाही. पुढच्या प्रवासाला त्याला न्यायचं की नाही, यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं इतकं वाजलं की दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. आणि मग तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मध्येच एक ओळ येते: येताना मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात कोण कुणाकडे गेलं, आधी कोण बोललं, काही कळत नाही. पण अर्ध्या वाटेवरून घरी पळालेल्या माणसाचं पुस्तक आपण वर्षभर बहुतेक रविवारी उभं राहून ऐकतो.

फादरांच्या झग्याचे रंग कशावरून ठरतात?

आगमनकाळ आणि प्रायश्चित्तकाळ जांभळा. नाताळ आणि पुनरुत्थानकाळ पांढरा. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) आणि रक्तसाक्षींचे (धर्मासाठी जीव दिलेल्यांचे) सण लाल. बाकी सगळा सामान्यकाळ हिरवा. आगमनकाळाचा तिसरा आणि प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार गुलाबी चालतो. अर्धी वाट सरली, थोडं हसा, एवढंच त्याचं सांगणं. गुलाबी झगा सगळ्याच चर्चमध्ये असतो असं नाही. असतो तिथे एखादं पोर हमखास विचारतं, की आज फादरांचे कपडे धुताना रंग लागला का.

प्रायश्चित्तकाळात चहा सोडायचा ठरवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मोडलं. आता?

हा प्रश्न दरवर्षी येतो. चहाच्या जागी कधी दारू असते, कधी सिगारेट, कधी मोबाइल, कधी बायकोवर ओरडणं.

आधी नेमकं काय मोडलं ते पाहू. राखेच्या बुधवारचा (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेचा उपवास ही चर्चची आज्ञा. चहा सोडणं हा तुमचा स्वतःचा संकल्प. तो मोडला म्हणजे पाप झालं असं नाही. देवापुढे विधिपूर्वक नवस बोलला असाल तर गोष्ट वेगळी. मग फादरांशी बोला. पण "या वेळी चहा बंद" असं घरात जाहीर करणं म्हणजे नवस नव्हे.

माझा अनुभव उलटा आहे. एका वर्षी मीही चहा सोडला होता आणि तो संकल्प शेवटपर्यंत पाळला. त्याच दिवसांत शेजारच्या आळीत एक मयत झालं. रात्री मी भेटायला गेलो. त्या घरच्या म्हाताऱ्या काकींनी स्वतः उठून, थरथरत्या हातांनी कप-बशी पुढे केली. मी म्हणालो, "नको, माझा उपवास आहे." त्यांनी कप परत नेला. बशीत चहा सांडला होता, तो त्यांनी पदराने पुसला. नवरा जाऊन चार तास झाले होते. त्या वर्षी माझा संकल्प मोडला नाही. मोडायला हवा होता.

तेव्हा "मोडलं, आता सगळं फुकट" असं वाटत असेल तर दोन गोष्टी करा. एक, पुढच्या चहाच्या वेळेपासून पुन्हा सुरू करा. सोमवारची, एक तारखेची वाट बघू नका. दोन, भरपाई म्हणून दुप्पट काही अंगावर घेऊ नका, तेही चौथ्या दिवशी मोडतं. क वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी लूकमधला अंजिराच्या झाडाचा दाखला वाचतात. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवताली खणतो, खत घालतो. नेमका तिसरा आठवडा! आमच्याकडे ज्यांनी वाडी केली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. धरत नसलेल्या माडाला लगेच कुणी कुऱ्हाड लावत नाही. आळं करतात, खत घालतात, मीठ टाकतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर बघतात.

झाडाला पुढे फळ आलं की नाही, ते दाखल्यात नाही.

४० दिवस म्हणतात, मोजले तर ४६ भरतात.

बरोबर मोजलंत. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान रविवारच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की ४०. रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून त्या दिवशी उपवास धरत नाहीत. मग रविवारी चहा प्यावा का? प्यायलात तर हरकत नाही. शनिवारी रात्री बारा वाजता पातेलं चढवून बसू नका, एवढंच.

उपवास नक्की कुणाला लागू आहे?

वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. दिवसातून एकदा पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना, त्याला वरची मर्यादा नाही. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, उन्हात अंगमेहनत करणारे यांनी अपराधी वाटून घेऊ नये.

आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाणा, भगर, शेंगदाणे, म्हणजे काय चालतं त्याची यादी. चर्चच्या उपवासात मुख्य प्रश्न किती खाल्लं हा आहे. मासे वर्ज्य नाहीत, त्यामुळे शुक्रवारी आमच्याकडे पापलेटाला भाव येतो. मांसाच्या जागी पापलेट खाऊन प्रायश्चित्त केलं असं म्हणणारा वसईकर नियमात बसतो. माझ्या मते तेवढंच करतो.

कुमसाराला गेलो नाही त्याला दहा वर्षं झाली. आता तोंड कसं दाखवू?

प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याला, आमची जुनी माणसं कुमसार म्हणतात. त्याच शब्दाने विचारलंत, त्यावरून लहानपणी जात होतात हे दिसतंच.

कसं करायचं ते आधी सांगतो, कारण बहुतेकांना तीच भीती असते. आत गेल्यावर पहिलं वाक्य: "फादर, मी दहा वर्षांनी आलोय, पद्धत विसरलोय." पुढचं फादर बघून घेतात. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर कार्ड मागा, नाहीतर स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं म्हणा. गंभीर पापं आठवतील तेवढी सांगायची. प्रामाणिकपणे विसरलेलं पापही क्षमेत येतं. ऐकलेलं फादर कुणालाही, कोणत्याही कारणाने सांगू शकत नाहीत. कोर्टातही नाही. बाहेर भेटल्यावर तुमच्यापाशीही ते स्वतःहून विषय काढत नाहीत. गंभीर पाप असेल तर वर्षातून एकदा तरी हा संस्कार घ्यावा असा चर्चचा नियम आहे. दहा वर्षांचे दहा वेगळे कुमसार करावे लागत नाहीत, एकच पुरतो. हेही एकाने खरंच विचारलं होतं.

आता माझं. वडील गेल्यानंतर वाडीच्या वाटण्यांवरून धाकट्या भावाशी माझं बिनसलं. विहीर कुणाच्या हिश्श्यात, इथून सुरू झालं आणि वकिलापर्यंत गेलं. सात वर्षं आम्ही बोललो नाही. त्या सात वर्षांत मी दर रविवारी वर्ग घेत होतो, मुलांना उधळ्या पुत्राची गोष्ट (सगळं उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो ती) शिकवत होतो, आणि स्वतः कुमसाराच्या दिशेने फिरकत नव्हतो. कारण आत गेलो असतो तर हे सांगावं लागलं असतं. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवतो ना? घरात गाणं-बजावणं चाललेलं आणि हा अंगणात उभा. मी सात वर्षं अंगणात होतो, हातात वर्गाचं हजेरीपुस्तक घेऊन.

शेवटी गेलो तो कुठल्याही प्रेरणेने नव्हे. पवित्र आठवड्यात बाहेरच्या धर्मग्रामांतले फादर येतात. अनोळखी चेहरा दिसला म्हणून रांगेत उभा राहिलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून भावाला फोन करा." मी म्हटलं, फादर, दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायला द्या. ते हसले, पण बधले नाहीत. फोन मी तीन आठवड्यांनी केला. आम्ही बोलतो आता. नारळाचा भाव आणि राजकारण यांपलीकडे बोलणं जात नाही. विहिरीचं नाव दोघंही काढत नाही.

दर वेळी तीच पापं सांगतो. हा देवाशी खोटेपणा नाही का?

मीही विचारलं होतं. उत्तर आलं, "मग काय, दर वेळी नवीन आणायची आहेत?"

पुन्हा करणार नाही असा त्या क्षणी मनापासून निश्चय असेल तर कुमसार खरा आहे. पुन्हा होईल अशी भीती असणं आणि पुन्हा करायचं असं आधीच ठरवून ठेवणं, यांत फरक आहे. येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूने आकडा असा फुगवून सांगितला की मोजणाराच कंटाळावा. जो माणसांना हे सांगतो तो स्वतः वही घेऊन बसला असेल, हे मला पटत नाही.

पेत्राने येशूची ओळख नाकारली, यहूदा या दुसऱ्या शिष्याने त्याला धरून दिलं. एक संत झाला आणि दुसऱ्याचं नाव शिवी झालं. हा न्याय कसा?

प्रायश्चित्तकाळातला सगळ्यात अवघड प्रश्न. विचारणारा बहुधा यहूदाबद्दल विचारत नसतो.

मत्तय सांगतो की यहूदा पस्तावला. चांदीची ३० नाणी परत घेऊन गेला आणि म्हणाला, मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं. म्हणजे त्याने कबुली दिली. याजक काय म्हणाले? "आम्हाला त्याचं काय? तुझं तू पाहा." मला त्या प्रसंगात यहूदापेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटते. पस्तावलेला माणूस दारात आला होता आणि आतल्यांनी ते स्वतःचं काम मानलं नाही. तो तिथून गेला आणि त्याने गळफास घेतला.

पेत्रही रडला, पण तो बाकीच्यांना सोडून गेला नाही. आता योहानाचं शुभवर्तमान उघडा. पेत्र नाकारतो तेव्हा महायाजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला असतो आणि तो तिथे शेकत उभा असतो. पुनरुत्थानानंतर रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने सगळे परततात, येशूच्या सांगण्यावरून पुन्हा टाकतात, १५३ मोठे मासे मिळतात. किनाऱ्यावर येऊन बघतात तर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे, आणि भाकर. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द सबंध नव्या करारात या दोनच जागी येतो. वसईतल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर सकाळी बोटी लागल्यावर मासळी भाजल्याचा वास ज्याने घेतलाय त्याला ठाऊक आहे, वासाने माणूस कुठल्या कुठे मागे जातो. पेत्राच्या नाकात तो धूर गेला असेल तेव्हा काय झालं असेल! आणि त्याच विस्तवाजवळ, न्याहारी झाल्यावर, येशू त्याला तीनदा विचारतो: माझ्यावर प्रीती करतोस का? जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. नाकारण्याचा उल्लेख एकदाही नाही. आधी खायला घातलं, मग विचारलं.

अमुक माणूस नरकात गेला असं चर्चने आजवर कुणाच्याही बाबतीत जाहीर केलेलं नाही. यहूदाच्याही नाही. आणि हा प्रश्न घरातल्या कुणी जीव दिल्यामुळे विचारत असाल तर स्पष्ट सांगतो: १९१७ च्या चर्च कायद्यात आत्महत्या केलेल्यांना अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती, १९८३ च्या कायद्यात ती नाही. तीव्र मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते असं आजची धर्मशिकवण म्हणते, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. स्वतःच्या मनात तसे विचार येत असतील तर आजच कुणाजवळ तरी बोला. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर १४४१६ आहे, तो कुठल्याही वेळी लागतो.

धंदा बुडाला, परीक्षा हुकली. ही देवाची शिक्षा आहे का?

नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही.

इथे आपण संतांच्या गोष्टी सांगतो आणि सांगताना एक लबाडी करतो: शेवट आधी सांगून टाकतो. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया घ्या. सोळाव्या शतकात वसईत जन्म, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २५ सोबत्यांसह क्रुसावर रक्तसाक्षी, ८ जून १८६२ रोजी संतपद. पाटीवर एवढं मावतं. पाटीवर न मावणारं असं, की तरुणपणी जपानमध्ये ते जेझुइट या धर्मसंघाबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबले, संघात घेतील या आशेवर, आणि घेतलं नाही. मग व्यापारात पडले. मग मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेले, धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. व्यापाराच्या त्या वर्षांत हिशेब लिहिताना त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की शेवट काय होणार आहे. फ्रान्सचे संत जॉन व्हियानी लॅटिनमध्ये इतके कच्चे होते की सेमिनरीतून (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतून) त्यांना परत पाठवलं. १८१५ मध्ये कसेबसे धर्मगुरू झाले. पुढे आर्स नावाच्या बारक्या गावात त्यांच्याकडे कुमसारासाठी दूरदूरहून माणसं येत. आज ते सगळ्या धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयसंत आहेत.

पण नापास झालेल्या मुलाला लगेच व्हियानी ऐकवू नका. त्याला त्या दिवशी जेवायला वाढा. संत आठ दिवसांनी.

प्रार्थनेत काहीच वाटत नाही. विश्वास गेला का?

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा अनेकांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षं, फार थोडा काळ वगळता, त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता. पहाटेची मिस्सा, दिवसभर काम, आत काहीच नाही. २०१६ मध्ये त्या संत झाल्या, ती पत्रं सगळ्यांनी वाचलेली असताना.

संत इग्नेशियसने 'आध्यात्मिक साधना' या आपल्या पुस्तकात एक नियम दिला आहे, तो मला फार उपयोगी पडला: मन कोरडं पडलं असताना आधीचे निर्णय बदलू नका. चांगल्या दिवसांत रोज जपमाळ म्हणायचं ठरवलं असेल तर वाईट दिवसांत ती सोडायचा निर्णय घेऊ नका. म्हणायची, जांभया देत का होईना. जपमाळ हातात घेऊन झोप लागलेली माझी आजी ही माझ्या डोळ्यांसमोरची प्रार्थनेची पहिली मूर्ती आहे.

लग्न मोडलंय. चर्चने मला बाहेर काढलं आहे का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की जे कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊ शकतात तेही मागच्या बाकावर बसून राहतात. कायद्याने घटस्फोट झाला, एवढ्याने कम्युनियन बंद होत नाही. दुसरं लग्न केलं असेल, करायचं असेल तर फादरांशी बोलावं लागतं. पहिलं लग्न मुळात वैध होतं का, हे धर्मप्रांताचं न्यायपीठ तपासतं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही पद्धत बरीच सुटसुटीत केली. चर्चचा निकाल आणि कोर्टाचा घटस्फोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. मिस्साला या. आणि बाकीच्यांनी मान वळवून बघणं बंद करावं, ही माझी जाहीर विनंती.

पवित्र शनिवारी करायचं काय? काहीच नसतं.

बरोबर, दिवसभर मिस्सा नाही. वेदी उघडी, पवित्र भाकर ठेवायची पेटी रिकामी, तिचं दार सताड उघडं. माणूस गेलेल्या घरात दुसऱ्या दिवशी जसं असतं तसं. काही करू नका.

रात्री बाहेर अंगणात नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची, म्हणजे पुनरुत्थान सणाची, मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू वर्षाचे आकडे आणि येशूच्या पाच जखमांचे उदाचे पाच दाणे असतात. ती अंधाऱ्या चर्चमध्ये आणून तिच्याजवळ एक प्राचीन स्तुतिगान गातात, आणि त्यात आदामाच्या पापाला चक्क धन्य म्हटलंय: असा तारणारा लाभला म्हणून धन्य तो अपराध! वर्गातल्या सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "मग पाप केलेलं चांगलंच की, सर?" पौलाला हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी सुचला होता. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का? मुळीच नाही, असं तो रोमकरांस लिहितो. मुलीला मी तेच सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, आणि मला ते आवडलं.

सामान्यकाळ म्हणजे रिकामा काळ का?

वर्षातले ३३ किंवा ३४ आठवडे सामान्यकाळाचे. नावाचा मूळ रोख क्रमांकावर आहे: पाचवा रविवार, सतरावा रविवार, असे मोजत जायचे आठवडे.

ऋतूंचा हिशेब युरोपात बसवलेला आहे. तिकडे आगमनकाळ म्हणजे दिवस लहान, काळोख, थंडी. पुनरुत्थान म्हणजे वसंत. आपल्याकडे प्रायश्चित्तकाळात ऊन तापायला लागतं, शिमगा होतो, आंब्याला बाठा धरतो. नाताळ हा आमचा सुखाचा गारवा. उपदेशात कुणी "हिवाळ्याच्या काळोखात ख्रिस्त प्रकाश" म्हणतो तेव्हा बाहेर लख्ख ऊन असतं. पण एक गोष्ट मात्र इथेच जुळते. पेंटेकॉस्टनंतर फादर हिरवा झगा घालतात आणि काही दिवसांत पाऊस लागतो. आवण लागते, भाताची खाचरं हिरवी होतात. चर्चच्या आत हिरवं, दाराबाहेर हिरवं. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या गावठाणांत आगेरा, म्हणजे नव्या लोंब्यांचा आशीर्वाद, दोन्ही सामान्यकाळातच. सण कमी, चिखल जास्त. भात त्यातच होतं.

मुलगा कुवेतला आहे, तो शुक्रवारी मिस्साला जातो. चालतं का?

चालतं. तिथे सुट्टी शुक्रवारी-शनिवारी, म्हणून रविवारची उपासना शुक्रवारी होते. तुमच्या अगोदर त्याचा रविवार झालेला असतो, म्हणून फोनवर त्याला "आज मिस्साला गेलास का" असं रागावू नका.

गेल्या वर्षीच्या झावळ्यांचं काय करायचं?

चर्चमध्ये आणून द्या. झावळ्यांच्या रविवारी माडाच्या कोवळ्या पातींचे आशीर्वादित क्रूस घरी नेतो, फोटोमागे नाहीतर दारावर खोचतो. वर्षभरात ते पिवळे, मग तपकिरी होतात, पालींचं घर होतं. पुढच्या राखेच्या बुधवारची राख यांचीच. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे (पुनरुत्थान रविवार २८ मार्चला), म्हणजे ३१ जानेवारीच्या रविवारी दाराजवळ टोपली ठेवलेली असेल.

जाळायचं काम काही वर्षं आमच्या वर्गाकडे आहे. चर्चच्या मागे पत्र्याच्या डब्यात पेटवतो. सुकलेली पात भुर्रकन जळते. टोपलीभर झावळ्यांची राख दोन मुठी होते. मग ती चाळायची. पहिल्या वर्षी आम्ही बायकोची पिठाची चाळणी नेली होती, ती परत घरात आली नाही. आता जुन्या धोतराचं फडकं वापरतो. राख काळी, मऊ, तिला वास असा नाही. पाण्याचे थेंब जास्त पडले की कपाळावर ओघळते, कमी पडले की नाकावर झडते. "तू माती आहेस हे ध्यानात ठेव" असं म्हणत फादर अंगठा टेकवतात तेव्हा पुढच्या रांगेतला मी बाकी सगळं सोडून एवढंच बघतो की ती नीट चिकटली की नाही.

एक विनंती. क्रुसाला गुंडाळलेली चमकी रिबीन, प्लॅस्टिकची फुलं, टाचण्या आधी काढून द्या. गेल्या खेपेला कुणीतरी नायलॉनच्या दोऱ्यासकट दिला होता, त्याचे काळे गोळे झाले आणि अर्धा डबा फेकून द्यावा लागला.